नरक्याच्या जनुकीय नोंदीसाठी वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यातील जंगलांत वाढणाऱ्या नरक्याच्या झाडाकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फुलांच्या दुर्गंधीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या लहानशा झाडाच्या सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. १९६६ मध्ये अमेरिकेतील वॉल आणि वाणी या शास्त्रज्ञांनी ते प्रथम एका चिनी वृक्षातून वेगळे केले, आणि १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांना ते आपल्या नरक्यातही सापडले. त्यापासून बनणारी टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे आज अंडाशय, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात. साहजिकच मागणी वाढली आणि झाडे मुळासकट उपटली जाऊ लागली.

वनविभाग चोरट्या तोडीवर कारवाई करतो, ते आवश्यकच आहे. परंतु जप्तीत हाती येतो तो तोडलेल्या झाडाचा माल, आणि तोपर्यंत त्या झाडाचा जनुकीय वारसा नष्ट झालेला असतो. हे नुकसान किती मोठे आहे, याचा अंदाज बंगळुरू येथील कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांच्या कामावरून येतो. पश्चिम घाटातील नरक्याच्या झाडाझाडांत कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण कमालीचे वेगवेगळे असते, असे त्यांना आढळले. तोडणाऱ्याला मात्र सकस झाड कोणते आणि निकस कोणते हे कळत नाही, म्हणून तो दोन्ही तोडतो.

सदाफुलीचे उदाहरण पाहावे. तिच्यातील विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध तयार होण्याच्या साखळीतील उरलेली जनुके २०१८ मध्ये सापडली आणि २०२२ मध्ये त्या औषधाचे दोन्ही घटक यीस्टकडून तयार करून घेण्यात आले. नरक्याच्या बाबतीतही असे काम व्हावे असे मला मनापासून वाटते. पण ज्या जनुकांचा शोध घ्यायचा, ती धारण करणारी झाडे आधी जिवंत राहिली पाहिजेत.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या खड्यांत) वाळवलेल्या पानाच्या लहानशा तुकड्यातून डीएनए मिळतो, आणि चिमूटभर सालीवरून द्रव्याचे प्रमाण मोजता येते. झाड उभेच राहते. राज्यातील जैवविविधतेचा जनुकीय वारसा जपण्यासाठी शासनाने २०२२ मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पाला मंजुरी दिली आहे. त्यात नरक्याचा समावेश करून प्रत्येक वनपरिक्षेत्रातील झाडांची डीएनए आणि रासायनिक नोंद करावी, निवडक झाडांची कलमे व रोपे विभागाच्या रोपवाटिकांत जोपासावीत, आणि गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांना या नोंदीत सहभागी करून पुढे मिळणाऱ्या लाभात त्यांचा कायदेशीर वाटा निश्चित करावा.

येत्या पावसाळ्यापूर्वी किमान आंबोली आणि राधानगरी येथे या कामाची सुरुवात करण्याचे आदेश आपण द्यावेत, ही आग्रहाची विनंती.

आपली नम्र,
वनस्पतिशास्त्राची एक शिक्षिका