सॉफ्टवेअर आहे, नोंदी कुठे आहेत?

मा. संपादक,
स. न.

बारावीचा निकाल लागला की आपल्या दैनिकात महाविद्यालयांच्या जाहिराती सुरू होतात. ‘सुसज्ज संगणकीकृत ग्रंथालय’ आणि ‘हजारो ई-जर्नल्स’ या दोन गोष्टी त्यांत हमखास असतात. मी ग्रामीण भागातल्या एका अनुदानित महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, आता निवृत्त आहे. जाहिरातीतला तो मजकूर खोटा नसतो, हे मी खात्रीने सांगू शकतो. सॉफ्टवेअर खरंच असतं, वर्गणीही भरलेली असते. तरीही विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक किंवा लेख पडत नाही. असं का होतं, ते आतल्या माणसाने सांगायला हवं म्हणून हे पत्र.

मी संगणकाच्या विरोधातला नाही. मे महिन्यात ग्रंथालय बंद ठेवून एकाने रजिस्टरमधला क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने कपाटापुढे उभं राहून ‘आहे’ म्हणायचं, अशी पडताळणी ज्यांनी केली आहे त्यांना बारकोड स्कॅनरचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. ‘नो ड्यूज’च्या दाखल्यासाठीची रांग आटोपली. एकच प्रत दोघांच्या नावावर पडायची, तेही थांबलं. देवघेवीपुरतं बोलायचं तर संगणकाने ग्रंथालयांचं भलंच केलं.

सॉफ्टवेअर निवडायलाही कमी नाहीत. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली प्रकल्प म्हणून सुरू झालेली आणि १९९६ मध्ये स्वतंत्र झालेली विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) ‘इन्फ्लिबनेट’ ही संस्था ‘सोल’ हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर देते. त्याची तिसरी आवृत्ती २०२१ मध्ये आली. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी १९९९ मध्ये तयार झालेलं ‘कोहा’ तर परवान्यापोटी एक रुपयाही मागत नाही. पुण्याचं ‘स्लिम’, नागपूरचं ‘लिबमॅन’, सरकारी एनआयसीचं ‘ई-ग्रंथालय’ अशी घरची नावंही आहेत. यांतलं कोणतंही नीट वापरलं तर कॉलेजचं काम भागतं.

पण सॉफ्टवेअर घेतलं का जातं, ते पाहा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात चौथ्या निकषाखाली ग्रंथालयाचा भाग असतो. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण की अंशतः, कोणत्या वर्षी झालं, हे सगळं तिथे विचारलं जातं. मग व्यवस्थापनाला घाई होते. ‘अंशतः’ लिहायची कुणाचीच तयारी नसते. पन्नास-साठ हजार पुस्तकांच्या नोंदी चार महिन्यांत करून देणारी एजन्सी शोधली जाते आणि दर ठरतो पुस्तकामागे. कामावर आलेली मुलं अ‍ॅक्सेशन रजिस्टर, म्हणजे पुस्तकांची दाखल वही, पुढ्यात घेऊन बसतात आणि दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, किंमत भराभर भरत जातात. पुस्तक कपाटातून कुणी काढत नाही, उघडणं तर दूरच. विषयाचा रकाना कोरा राहतो. वर्गांकाच्या, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणाऱ्या आकड्याच्या, रकान्यात मराठी साहित्याची झाडून सगळी पुस्तकं ८९१.४६ या आकड्याखाली. कवितेला पुढे १, नाटकाला २, कादंबरीला ३ लागतो, हे त्या मुलांना कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचा दोष नाही. त्यांना पैसे नोंदींच्या संख्येवर मिळतात.

अहवालात ‘पूर्ण संगणकीकृत’ असं येतं. आणि एखादी मुलगी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, ‘दुष्काळ’ टाइप करते, तर शीर्षकात तो शब्द असलेली दोन पुस्तकं दिसतात. त्या विषयावरची बाकीची पंधरा-वीस त्याच इमारतीत, दहा पावलांवर उभी असतात.

मराठीच्या बाबतीत हे दुखणं आणखी खोल आहे. जुन्या नोंदी बहुतेक ठिकाणी रोमन लिपीत आहेत. ‘ज्ञ’ एकाने डी-एन-वाय असा लिहिला, दुसऱ्याने जी-वाय, तिसऱ्याने जे-एन. ‘ळ’साठी तर एल हाच आधार. लेखकाचं आडनाव कुठे आधी, कुठे नंतर, कुठे नुसती आद्याक्षरं. त्यामुळे एकच लेखक यादीत तीन माणसं होऊन बसतो. काही कॉलेजांनी देवनागरीत नोंदी केल्या, पण युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. तो फाँट ज्या संगणकावर नाही तिथे सगळी अक्षरं म्हणजे कावळ्याचे पाय.

युनिकोड आल्यावरही एक मेख राहिलीच, ती फारशी कुणाला ठाऊक नाही. ‘कादंबऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन पद्धतींनी साठवला जातो. एका कीबोर्डवर तो र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक अशा जुळणीने उमटतो. दुसऱ्यावर ‘ऱ’ या वेगळ्या अक्षराने. ‘ॲ’चंही तसंच: एकदा स्वतंत्र अक्षर, एकदा ‘अ’वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. शोधयंत्रणेत त्यांची सांगड घालून ठेवली नसेल तर नोंद करणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि शोधणाऱ्याच्या मोबाईलने दुसरी, की उत्तर येतं ‘शून्य’. मुलाला वाटतं, पुस्तकच नाही. तो तक्रार करत नाही, निघून जातो. त्यात १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या पुस्तकांची शीर्षकं धरा, ‘कांहीं’ आणि ‘नांव’ अशी अनुस्वारांनी भरलेली. आजचा विद्यार्थी ती तशी टाइप करेल, ही अपेक्षाच चुकीची.

हे सुधारता येत नाही असं मुळीच नाही. एकच मराठी पुस्तक महाराष्ट्रातल्या शेकडो कॉलेजांत असतं, कारण अभ्यासक्रम सारखे. मग त्याची नोंद शेकडो वेळा, शेकडो प्रकारे चुकीची का करायची? एका जाणकाराने ती एकदा नीट करावी, मार्क या प्रमाणित आराखड्यात, देवनागरीत, विषय आणि वर्गांकासह. बाकीच्यांनी ती उतरवून घ्यावी. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत ग्रंथपाल हे रोज करतात. मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीतून तयार नोंद मागवायची, तिला आपला दाखल क्रमांक जोडायचा, काम झालं. ‘इन्फ्लिबनेट’ची ‘इंडकॅट’ ही संयुक्त सूची आहे, पण ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांची. मराठी पुस्तकांसाठी अशी सामायिक सूची राज्यातल्या विद्यापीठांनी मिळून उभी करावी. राज्य मराठी विकास संस्थेसारखी शासकीय संस्था त्यात असेल तर फारच उत्तम. भाषेच्या नावाने होणाऱ्या सोहळ्यांच्या तुलनेत याचा खर्च किरकोळ निघेल.

आता ई-साधनांकडे येतो. कॉलेजांना ई-नियतकालिकं आणि ई-पुस्तकं पुरवणारी ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० पासून आहे. सहा हजारांहून अधिक नियतकालिकं आणि सुमारे दोन लाख ई-पुस्तकं, आणि त्यासाठी कॉलेजने भरायची वार्षिक वर्गणी जीएसटी धरून ५,९०० रुपयांच्या घरात. एखाद्या परदेशी जर्नलची छापील वर्गणी याच्या कितीतरी पट असते. इतकं स्वस्त दुसरं काही शिक्षण क्षेत्रात मला तरी दिसलेलं नाही. पण त्यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव आणि ईमेल ग्रंथपालाने यादीत चढवावं लागतं, मग त्या ईमेलवर पासवर्ड येतो. इथेच गाडी अडते. प्रवेश अर्जावरचा ईमेल बहुतेक वेळा सायबर कॅफेवाल्याने त्या क्षणी काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड विद्यार्थ्याला कधीच माहीत नसतो. कित्येक कॉलेजं फक्त प्राध्यापकांची नावं चढवून मोकळी होतात. वर्गणीची पावती अहवालाला जोडली की ‘ई-साधनांची उपलब्धता’ सिद्ध झाली. वापर किती झाला, हा आकडाही नॅक मागते. पण त्याची जुळवाजुळव कशी होते ते इथे लिहीत नाही, सहकारी रागावतील.

२५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. योजना मोठी आहे, स्वागत करावं अशीच आहे. मात्र ती आहे केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. आपल्याकडे शासकीय महाविद्यालयं मूठभर. तालुक्याच्या गावातलं कॉलेज बहुधा एखाद्या शिक्षण संस्थेचं, पगार सरकारचा आणि कारभार संस्थेचा. अशा कॉलेजांतल्या मुलांचं काय, हा प्रश्न महाराष्ट्राने दिल्लीत लावून धरायला हवा होता. तशी काही हालचाल माझ्या वाचनात आली नाही.

हा प्रश्न आता तातडीचा झाला, कारण नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात पदवीच्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट करायचे आहेत आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्प निवडायची सोय आहे. त्यांनी संदर्भ आणायचे कुठून? इंग्रजी वाचण्याचा सराव नसलेल्या मुलाला जर्नलचा पासवर्ड दिला म्हणून तो वाचायला लागत नाही, हेही मान्य करू. त्याच्यासाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं पीडीएफ रूपात मिळतात. ‘शोधगंगा’ या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठीतले प्रबंध आहेत; आपल्याच जिल्ह्याच्या पाणीप्रश्नावर किंवा बोलीवर कुणी काय लिहून ठेवलंय ते घरबसल्या पाहता येतं. ही नावं पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारून पाहा. दहा वर्गांपैकी एका वर्गात कुणीतरी हात वर करेल.

सांगणार कोण? ग्रंथपालाची पदं कित्येक कॉलेजांत वर्षानुवर्षं रिकामी आहेत. परिचर निवृत्त होतात, त्यांच्या जागी माणूस येत नाही. ‘सरांनी सांगितलेलं ते निळ्या कव्हरचं जाड पुस्तक’ एवढ्या खुणेवर पुस्तक काढून देणारे परिचर मी पाहिले आहेत. अहवालापुरत्या भरलेल्या नोंदी त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. ग्रंथालयाचा कार्यभार इतिहासाच्या किंवा वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त’ म्हणून दिला जातो. तो बिचारा चावी सांभाळतो.

शेवटी प्राचार्यांसाठी आणि संस्थाचालकांसाठी अगदी व्यवहाराची गोष्ट. आमच्या परिसरातल्या एका कॉलेजने स्थानिक विक्रेत्याकडून सॉफ्टवेअर घेतलं होतं. पुढे विक्रेत्याने धंदा गुंडाळला. सगळ्या नोंदी त्याच्याच बंदिस्त रचनेत. कशाबशा बाहेर काढल्या तेव्हा आकडे तेवढे शाबूत राहिले, मराठी शीर्षकांचा चुरा झाला. दुसऱ्या एका ठिकाणी बॅकअप रोज घेतला जात होता, पण त्याच संगणकाच्या त्याच डिस्कवर. सॉफ्टवेअर बदलता येतं, बदलावं लागतंच. नोंदी ही खरी मालमत्ता. तेव्हा देखभालीचा पुढचा करार करताना त्यात दोन अटी घालून घ्या: आमच्या सर्व नोंदी आम्ही मागू तेव्हा मार्क आराखड्यात आणि युनिकोडमध्ये मिळतील, आणि त्यासाठी वेगळे पैसे पडणार नाहीत. विक्रेता कुरकुरला तर दुसरा पाहा. आणि सही करण्यापूर्वी त्याला आपल्यासमोर ओपॅकवर ‘कादंबऱ्या’ हा शब्द दोन वेगवेगळ्या मोबाईलवरून शोधून दाखवायला सांगा.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा