मेळावा भरवा, पण आयपीसपुढची रांग मोडा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या विभागातल्या हौशी खगोल मंडळांचा वार्षिक मेळावा यंदा, म्हणजे २०२० च्या डिसेंबरात भरवायचा की नाही, यावर गेले काही आठवडे बराच खल चालू आहे. आपल्या वाचकांच्या पत्रांतही त्याचे पडसाद उमटले. एकांचं म्हणणं असं की, कोरोनाच्या महासाथीत माणसं गोळा करणं हाच मुळी बेजबाबदारपणा. दुसरे म्हणतात, उघड्या माळावर कसला आलाय संसर्ग, मास्क लावा आणि खुशाल या. मी या मेळाव्याच्या नियोजन समितीत आहे, साठी ओलांडलेली आहे, आणि मला या दोघांचंही पटत नाही. पहिल्यांना आकाशदर्शनात नेमकं काय चालतं ते ठाऊक नाही. दुसऱ्यांना ठाऊक आहे, पण ते सोयीस्करपणे विसरतात.

आधी यंदाच्या डिसेंबराचा एवढा आग्रह का, ते सांगतो. १३ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असेल आणि १४ तारखेला अमावस्या आहे, म्हणजे चंद्राचा अडथळा अजिबात नाही. हा योग दरवर्षी जुळून येत नाही. पुढच्याच आठवड्यात, २१ डिसेंबरला, गुरू आणि शनी यांच्यात जेमतेम सहा कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतर उरेल, पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या साधारण एक पंचमांश. या दोघांची युती वीसेक वर्षांनी होतच असते, पण इतकी जवळीक १६२३ नंतर झालेली नाही. १६२३ ची ती युतीही सूर्याच्या फार जवळ असल्याने फारशा कुणाला दिसली नसावी. सहज दिसावी अशी याआधीची १२२६ सालची. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर इथे चालत नाही.

आता अडचण. आकाश उघडं असतं, पण आयपीस, म्हणजे दुर्बिणीत डोळा लावायचं भिंग, एकच असतो. मेळाव्यात माणसं दिवसभर विखुरलेली असतात आणि अंधार पडला की दुर्बिणीमागे एकाच ओळीत येतात. जो तो वाकतो, डोळा रबरी कडेला टेकवतो, हाताने नळी धरतो (धरू नका म्हणून कितीही सांगा), आणि तोंड पुढच्या माणसाने नुकतंच जिथे ठेवलं होतं तिथेच आणतो. ही पद्धत कोरोनाच्या आधीही फार स्वच्छ होती असं नाही. डोळे आल्याची साथ असताना आम्ही रबरी कड पुसून घ्यायचो आणि साथ ओसरली की फडकं खिशात जायचं. आता त्याचा जाब विचारला जातोय, हे बरंच झालं.

समितीच्या बैठकीत यावर सुचलेले उपाय ऐकण्यासारखे होते. दर माणसागणिक आयपीस सॅनिटायझरने पुसायचा, हा पहिला. बाटलीतल्या जेल सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, त्यांचा तेलकट थर भिंगावर राहतो. नुसतं अल्कोहोल वापरलं तर रबर हळूहळू कडक पडतं, आणि ओली कड पुढच्याच्या डोळ्याला लागली की तो डोळा चोळत बाजूला होतो. शिवाय जंतुनाशक काही क्षण ओलं राहायला लागतं. अंधारात घाईने एक फडकं फिरवलं तर तो निव्वळ सोपस्कार. दुसरा उपाय अतिनील किरणांच्या पेटीचा. जिथे किरण थेट पोचतात तिथेच त्यांचा उपयोग, आणि आयपीसच्या कडेला खाचाखोचाच जास्त. बरं, पृष्ठभाग चकाचक केला तरी दोन माणसं एकाच जागी लागोपाठ श्वास सोडणार, त्याचं काय?

मी घरच्या गच्चीवर मुलाला आणि सुनेला मास्क लावून माझ्या आठ इंची डॉबवर, म्हणजे हाताने फिरवायच्या आरशाच्या दुर्बिणीवर, उभं केलं. सुनेला चष्मा आहे. ती वाकली, मास्कच्या वरच्या फटीतून ऊन श्वास निघाला, आधी चष्म्यावर आणि मग आयपीसच्या भिंगावर बाष्प धरलं. गुरू होता तिथे दुधाळ डाग. तिने साहजिकच बोट फिरवलं. आता भिंगावर बाष्प नव्हतं, बोटाचा ठसा होता. मास्कची तार नाकावर घट्ट दाबून बसवली तेव्हा बरंचसं जमलं, पण तेवढ्यात गुरू दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्राबाहेर सरकला होता आणि दुर्बीण पुन्हा लावावी लागली. दोनच माणसं, तीही सांगितलेलं ऐकणारी, तरी ही तऱ्हा. ज्यांचा आयपीस वीसेक मिलिमीटर दुरूनही पाहू देतो त्यांना हा त्रास कमी होईल, कारण डोळा टेकवावाच लागत नाही. पण तसे आयपीस किती जणांकडे आहेत?

हिशेबही करून पाहू. युतीच्या दिवसांत हे दोन्ही ग्रह सूर्यापासून सुमारे ३० अंशांवर असतील. म्हणजे सूर्यास्तानंतर थोडं थांबायचं, आणि ते क्षितिजाजवळच्या धुरकट हवेत बुडायच्या आत आटपायचं. पाहण्याजोगा वेळ फार तर तासाभराचा. एरवी माणशी मिनिटभर पुरतं, तेव्हा एका दुर्बिणीवर साठ जण होतात. पुसणं, वाळणं, बाष्प जाणं, पुन्हा नेम धरणं हे धरलं तर माणशी तीन मिनिटं, म्हणजे वीस जण. मागचे चाळीस जण काय करतील? पुढे सरकतील. मावळत्या ग्रहामागे धावणाऱ्या गर्दीला दोन हात अंतर ठेवा म्हणून सांगणारा स्वयंसेवक मला होऊन पाहायचा नाही.

म्हणून माझं समितीला आणि आपल्या वाचकांनाही सांगणं एवढंच आहे, की २१ तारखेचा हट्ट सोडा. वर्तमानपत्रं आणि वाहिन्या तोच एक दिवस धरून बसल्या आहेत, त्यामुळे सगळ्यांना त्याच संध्याकाळी यायचंय. पण गुरू शनीच्या तुलनेत दिवसाला अंशाच्या दहाव्या भागाएवढाच सरकतो. म्हणजे १७ ते २५ डिसेंबर या सगळ्या संध्याकाळी दोघांतलं अंतर चंद्रबिंबाच्या रुंदीपेक्षा (सुमारे अर्धा अंश) कमीच असेल. कमी शक्तीच्या आयपीसमध्ये ते या साऱ्या दिवशी एकत्र मावतील, आणि शनीचं कडं व गुरूचे चार मोठे चंद्र एका नजरेत दिसतील. १७ च्या सुमारास चंद्राची कोरही जवळपास असेल, ते दृश्य तर मला २१ पेक्षा सरस वाटतं. नऊ संध्याकाळी आहेत. एका माळावरची एक मोठी गर्दी नऊ दिवसांत आणि प्रत्येक मंडळाच्या आपापल्या मोकळ्या जागेत वाटून टाकली, तर प्रत्येक ठिकाणी मोजकी कुटुंबं राहतात.

तिथेही आयपीसऐवजी कॅमेरा लावावा आणि चित्र पडद्यावर दाखवावं, असा माझा प्रस्ताव आहे. यावर आमच्यातले कर्मठ उसळले. शनीवरून निघालेला प्रकाश स्वतःच्या डोळ्यात पडला पाहिजे, पडद्यावर तर काय इंटरनेटवरही दिसतं, असं त्यांचं म्हणणं. भावना मला कळते. त्या दिवशी शनीचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे दीड तास लागेल आणि गुरूचा पाऊण तासाहून थोडा अधिक. खेटून दिसणाऱ्या या दोघांत प्रत्यक्षात सत्तर कोटी किलोमीटरहून जास्त अंतर आहे. तो प्रकाश थेट डोळ्यात घेण्याची मजा वेगळीच, हे कोण नाकारेल? पण ग्रह क्षितिजाजवळ असताना हवेच्या जाड थरातून त्यांचं बिंब उकळत्या पाण्यासारखं हलतं, आणि पहिल्यांदाच वाकलेल्या माणसाला मिनिटभरात त्यातलं फारसं काही हाती लागत नाही. पडद्यावर जाणकार बोट ठेवून सांगू शकतो, हे शनीचं कडं, हा गुरूचा चंद्र गॅनिमीड. सगळे एकाच वेळी पाहतात, रांगच लागत नाही. संधिप्रकाशात अंधाराला सरावलेले डोळे बिघडण्याचाही प्रश्न नसतो. ज्यांना स्वतःच्याच डोळ्यांनी पाहायचंय त्यांनी घरची द्विनेत्री (बायनॉक्युलर) तिकाटण्यावर लावून आणावी. कडं वेगळं दिसणार नाही, पण शनी लांबट दिसेल आणि गुरूचे चंद्रही दिसतील. जुलैत निओवाइज धूमकेतू लोकांनी आपापल्या गच्चीवरून असाच पाहिला, कुणाचं काही अडलं नाही.

उल्कावर्षावाच्या रात्रीची गोष्ट अगदी वेगळी, आणि खरा मेळावा भरवायचाच तर तो त्या रात्री. उल्का बघायला दुर्बीण लागतच नाही. उलट तिचं क्षेत्र लहान असल्याने ती अडचणच. पाठीवर पडायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेला नोंदी पाठवणारे निरीक्षक एरवीही प्रत्येक जण स्वतंत्रच मोजतात, शेजाऱ्याने ‘ती बघ’ म्हटलेली उल्का आपल्या वहीत धरत नाहीत. तेव्हा अंतर राखणं इथे कामाचाच भाग आहे. उजेड असतानाच मैदानात फक्कीने चौकोन आखावेत, दोन चौकोनांत ऐसपैस वाट सोडावी, एका चौकोनात एका घरातली माणसं. पांढरी रेघ ताऱ्यांच्या उजेडातही पायाखाली दिसते. मिथुनेतल्या कॅस्टर ताऱ्याजवळून फुटणाऱ्या या उल्का रात्री नऊ-दहापासून दिसू लागतात आणि मध्यरात्रीनंतर त्यांचा जोर वाढतो. चांगल्या काळ्या आकाशात तासाला शंभराच्या घरात जाऊ शकतात.

नावनोंदणी, ताप पाहणं, मोबाइलवरचे कोड दाखवणं हे सगळं सूर्यास्ताआधी उरकलं पाहिजे. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पेटलेला मोबाइल ते क्षणात धुळीला मिळवतो. उशिरा येणाऱ्याला आत घ्यायचं नाही, मग तो कितीही मोठा असो. आणखी एक गोष्ट अंधारातच कळते: चेहरा दिसत नसला की माणूस बोलायला नकळत जवळ सरकतो. म्हणून माहिती सांगणाऱ्याकडे ध्वनिक्षेपक हवा, आणि हिरवा लेझर फक्त त्या एकाच्याच हातात, तोही विमानांपासून लांब.

खरं सांगायचं तर आयपीसवर आमच्या बैठकीचा निम्मा वेळ गेला आणि ज्यात खरा धोका आहे त्यावर पाच मिनिटं. माळावर जाताना एका गाडीत चार मंडळांची सहा माणसं काचा बंद करून दीड तास बसणार, ढग आले की सगळे एका तंबूत शिरणार, रात्री सभागृहात सतरंज्या शेजारी शेजारी पडणार. विषाणू तिथे पसरतो. व्याख्यानं आणि छायाचित्रांची स्पर्धा ऑनलाइन घ्या, मुक्कामाचं सभागृह रद्द करा, जेवण ज्याचं त्याने आणावं, आणि गाडीत एका घरातलेच लोक असावेत. यावर तडजोड नको.

पण ‘मुक्काम रद्द’ म्हणजे पहाटे तीनला पेंगत गाडी हाकत घरी जा, असा अर्थ कुणी काढू नये. रात्रभर जागून केलेल्या प्रवासाची मला कोरोनाइतकीच भीती वाटते. स्वतःच्या तंबूत किंवा गाडीत काचा थोड्या खाली करून उजाडेपर्यंत झोपायची मुभा असावी, त्यासाठी जागाही आखून ठेवावी. स्वच्छतागृहांची संख्या किती आहे त्यावरून माणसांची संख्या ठरवावी, उलट नव्हे.

ज्येष्ठांविषयी मात्र मी हळवा नाही. आमच्याकडे दुर्बिणीचे आरसे घासणारे, आकाश तोंडपाठ असणारे बहुतेक जण माझ्या वयाचे आहेत. लस अजून हातात नाही. त्यांना ‘आपण आलात तर शोभा वाढेल’ असं म्हणून बोलावू नये. त्यांनी घरून फोनवर मार्गदर्शन करावं. मी स्वतः १३ च्या रात्री जाणार नाही, हे समितीला कळवलं आहे. १७ ते २५ मधल्या एखाद्या संध्याकाळी आमच्याच मोकळ्या जागेत पडद्याशेजारी उभा राहीन.

आणि मेळावा होणार की नाही हे ऐन वेळी ठरवायचं नाही. ५ डिसेंबरला त्या आठवड्याची रुग्णसंख्या आणि प्रशासनाची जमावमर्यादा पाहून समितीने निर्णय द्यावा, रद्द झाला तर वर्गणी पूर्ण परत करावी. ढगांमुळे बेत मोडायची आम्हा मंडळींना सवय आहे, त्यामुळे कुणी आभाळ कोसळल्यासारखं करू नये. आलेल्यांची नावं आणि फोन क्रमांक १४ दिवस जपून ठेवावेत, म्हणजे कुणी आजारी पडलं तर त्याच्या आसपासच्या चौकोनांतल्यांना कळवता येईल. नंतर ती यादी नष्ट करावी.

आपल्याला एक विनंती. युतीची बातमी छापताना ‘२१ डिसेंबर’ एवढंच न देता ‘१७ ते २५ डिसेंबर, सूर्यास्तानंतर, सूर्य मावळला त्या बाजूला’ असं द्यावं. आमच्या स्वयंसेवकांचं अर्धं काम त्या एका ओळीने हलकं होईल. आणि ज्या मंडळांकडे कॅमेरा जोडता येईल अशी दुर्बीण आहे, पण चालवणारा नाही, त्यांनी ५ तारखेच्या आत आपापल्या प्रतिनिधीमार्फत समितीला कळवावं. चालवायला शिकवणारी तरुण पोरं आमच्याकडे आहेत, आणि ती फोनवरूनही शिकवतात.

आपला,
विभागीय मेळाव्याच्या नियोजन समितीतला एक सदस्य