वॉटसनचं काय घ्यायचं, काय सोडायचं

प्रिय मनू,

बाळ रडलं तरी लगेच उचलायचं नाही, हाताची सवय लागते, असं सांगणारा व्हिडिओ पाठवलास आणि खाली लिहिलंस, ‘आई, हे शास्त्रीय आहे.’ अगं, हे शास्त्र शंभर वर्षांपूर्वीचं आहे! डी.एड.च्या मुलींना मीच शिकवायचे ना वॉटसन.

जॉन वॉटसन हा मानसशास्त्रज्ञ, जन्म १८७८, अमेरिकेत साउथ कॅरोलिनात. आई कर्मठ बाप्टिस्ट, वडील दारुडे. हा तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून गेले. पोरगा हुशार निघाला. शिकागोला उंदरांवर संशोधन करून डॉक्टरेट, मग बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये प्राध्यापक. १९१३मध्ये त्याने ठणकावून लिहिलं की मनात डोकावणं पुरे. जे दिसतं, तपासता येतं, ते वर्तन अभ्यासा. मानसशास्त्राला ही शिस्त हवीच होती.

मग तो बाळांकडे वळला. हॉस्पिटलात अल्बर्ट नावाचं अकरा महिन्यांचं शांत बाळ होतं. त्याच्यासमोर पांढरा उंदीर सोडायचा आणि त्याने हात पुढे केला की पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. सात वेळा हे केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी बाळ रडत रांगत पळायला लागलं. पुढे ससा, कुत्रा, फरचा कोटसुद्धा नको झाला. ती भीती घालवायच्या आतच बाळाला हॉस्पिटलातून नेलं. शिकवताना इथे माझा आवाज दरवेळी चढायचा.

१९२०मध्ये या प्रयोगातली सहकारी रोझली रेनर हिच्याशी असलेल्या प्रकरणावरून त्याची नोकरी गेली. त्याने तिच्याशी लग्न केलं, जाहिरात कंपनीत बक्कळ कमावलं आणि १९२८मध्ये बालसंगोपनावर पुस्तक काढलं. तुझा व्हिडिओ त्याचाच नातू. मुलांना कवटाळू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. फारच वाटलं तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेका, सकाळी हस्तांदोलन करा! पुढे १९३६मध्ये त्यानेच कबूल केलं की हे पुस्तक लिहिण्याइतकं आपल्याला ठाऊक नव्हतं. रोझलीनेही एका मासिकात लिहिलं होतं की आपली मुलं मायेच्या बाबतीत थोडी हळवी निघावीत, असं मनातून वाटतं. बिचारी.

तेव्हा यावेळी विहीणबाईंचं ऐक, चिऊला खुशाल मांडीवर घे. त्यांना एवढंच सांग की ‘बागुलबुवा येईल’ म्हणून भरवायचं नाही. लहानपणी भीती अशी चिकटवता येते, हे वॉटसनचं म्हणणं खरं आहे.

आणि चिकटलेली भीती सोडवताही येते. मेरी कव्हर जोन्स या बाईंनी १९२४मध्ये ते दाखवलं, वॉटसनच्याच सल्ल्याने. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडता खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा. मग तो रोज थोडा थोडा जवळ आणायचा. शेवटी पोराने सशाला हात लावला.

चिऊ मिक्सरला दचकते म्हणालीस ना? तिला ओट्याशी नेऊन ‘बघ, काही नाही’ करू नका. जावईबापूंनी तिला बाहेरच्या खोलीत खेळवत बसायचं, तू दार लोटून मिक्सर क्षणभरच फिरवायचा. रडली नाही तर दुसऱ्या दिवशी दार थोडं उघडं. घाई नको. चटणी आठवडाभर पाट्यावर वाट, नाहीतर विकतची आण.

तुझी,
आई