बाबांसाठी एक पुस्तक, आईसाठी एक

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

आईचा हात प्लास्टरमध्ये आहे तोवर स्वयंपाक मीच करणार, असं बाबा तुम्ही काल फोनवर म्हणालात. डब्याचं तेलकट जेवण दोघांनाही सोसत नाही हे मला माहीत आहे. म्हणून आज दोन पुस्तकं पार्सल केली आहेत.

तुमच्यासाठी कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा'. १९७० साली निघालेलं. कमलाबाई मूळच्या कुंडलच्या. म्हणजे मिरजेच्या गाडीनं पुण्याला येताना किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं ना, त्याच्या जवळच्याच. लग्नानंतर त्या स्वयंपाक शिकल्या तो सांगलीत, सासूबाईंच्या हाताखाली. शाळा चारच इयत्ता झाली होती. पण त्यांच्या पुस्तकात सगळं वाटी-चमच्यात मोजलेलं असतं. तुम्ही जन्मभर हिशेब लिहिलेत, तुम्हाला 'अंदाजानं घाला' हे कधीच पटणार नाही. म्हणूनच हे निवडलं.

फक्त एक सांभाळा. वाटी एकच ठरवा आणि ती तांदळाच्या डब्यातच ठेवा. तांदूळ, डाळ, पाणी एकाच वाटीनं मोजलं तर वाटी लहान-मोठी असली तरी बिघडत नाही. पण मीठ आणि तिखट चमच्यानं असतं, आणि चमचा काही वाटीबरोबर मोठा होत नाही. हॉस्टेलवरची माझी पहिली खिचडी अळणी झाली ती याच कारणानं. चमचाही सपाट घ्या, शिगोशीग नको. गॅस पेटवायच्या आधी कृती शेवटपर्यंत वाचून जिन्नस ओट्यावर काढून ठेवा. फोडणीत मोहरी तडतडल्याशिवाय पुढचं काही टाकू नका, आणि हळद घालताना गॅस बारीक करा. ती लगेच करपते.

पुस्तकात गोडा मसाला असेल तिथं आपल्या घरची चटणी घातली तरी चालेल, पण निम्मीच. आई शेजारी खुर्ची टाकून बसेलच. ती 'अजून थोडं' म्हणाली की ते किती चमचे झालं, ते पानाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवा. आई, तुझ्या आमटीचं प्रमाण मी वीस वर्षं विचारतेय. तुला ते सांगता येत नाही, पण बाबांच्या हाताखालून ते कागदावर येईल.

तुझ्यासाठी लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' आहे, १९१० सालचं, एक हजार पाककृतींचं. त्यावरून आत्ता काही करायचं नाही. दुपारी पडल्या पडल्या नुसतं वाच. मुंबईच्या पाठारे प्रभू घरांत काय शिजत होतं ते वाचताना तुझा वेळ छान जाईल. पुस्तक जाड आहे, एका हातानं धरू नकोस, उशीवर ठेव.

मंगला बर्वे यांचं 'अन्नपूर्णा'ही माझ्याकडे आहे. मी रोज तेच उघडते, म्हणून ते पाठवलेलं नाही. लागलं तर पान वाचून दाखवेन.

बाबा, पहिले चार दिवस वरण, भात आणि एखादी फळभाजी एवढंच करा. भाकरीच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका, तव्यानं हात भाजेल. शेजारच्या काकूंना मी फोन केलाय, त्या रोज संध्याकाळी चार भाकऱ्या पाठवणार आहेत. पैसे घेणार नाहीत. घरातली हळकुंडं त्यांना द्या.

तुमची,
लेक