मोहन्या, न्यूट्रलचं भांडण मिटलं

खानापूर,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय मोहन,

आईच्या वर्षश्राद्धाला तू येऊन गेलास, त्यानंतर मी एक अक्षर लिहिलं नाही की धड फोन केला नाही. गणपतीत तुझे दोन मिस्ड कॉल बघितले, उद्या करतो, उद्या करतो म्हणत राहिलो आणि दसराही गेला. राग धरला असशील तर रास्त आहे. आज लिहायला बसलोय, कारण रविवारी चोर्ल्याच्या उतारावर एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. सुनीताला सांगितली, ती म्हणाली, "बरं, मग?"

तब्येती ठीक. आबांचं खुब्याचं हाड जुळलं, वॉकर घेऊन अंगणापर्यंत येतात. माझी शुगर आटोक्यात.

तर चोर्ला. भाचेजावयाने नवी स्विफ्ट घेतलीय, ती एक दिवसासाठी मागून घेतली. पिंट्या शेजारी. त्याच्याकडे ते छोटं स्कॅनर असतं बघ, स्टिअरिंगखाली खोचायचं आणि मोबाईलवर इंजिनाचं सगळं दिसतं. कणकुंबी मागे पडली, घाट लागला. तिसरा गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलेला. पिंट्या ओरडला, "मामा, शून्य!" तासाला किती लिटर जातंय त्याचा आकडा शून्य. इंजेक्टर बंद. चाकंच इंजिनाला फिरवत होती, आत पेट्रोलचा थेंब जात नव्हता. घाट उतरून सपाटीला आल्यावर सरळ रस्त्यावर थोडा वेळ न्यूट्रल करून बघितलं. आकडा लगेच ०.६ वर. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला तेल प्यावं लागतं, गिअरमध्ये लागत नाही.

आता आठव २०१३. आबांची डिझेल स्विफ्ट, तू स्टिअरिंगवर, "न्यूट्रल टाकून उतरलं की डिझेल वाचतं मर्दा" म्हणत तू केरीपर्यंत तसाच आलास. ब्रेकचा करपट वास आला तेव्हा मी ओरडलो. पणजीपर्यंत अबोला, आणि मिरामारला तू एकट्याने दोन प्लेट भेळ खाल्लीस. ती गाडीही कॉमन रेलची, म्हणजे डिझेल किती सोडायचं ते संगणक ठरवतो, तिच्यातही गिअरमध्ये पाय काढला की डिझेल बंदच व्हायचं. बारा वर्षं झाली, मोहन्या. माझं बरोबर होतं. आता एक प्लेट भेळ तुझ्याकडून येणं आहे.

पण खरी गोष्ट पुढे आहे आणि तिच्यामुळे मला झोप नाही. मी तीच गाडी बुक केलीय. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा एक टक्का सेसही गेला, आणि आपली गाडी पाडव्याला २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होते, परत पासिंग करून घ्यावं लागेल. टर्बो शिट्टी मारायला लागलाय. दोन इंजेक्टर गेल्या वर्षी बदलले. म्हणून धाडस केलं. सोमवारपर्यंत बाकीची रक्कम भरायची आहे, आणि आबा जुन्या गाडीच्या कागदावर सही करेनात. ते नाही म्हणत नाहीत. एकच विचारतात, "किती देते?"

शोरूमवाल्या पोराने त्यांना फोनवरच सांगून टाकलं, "आजोबा, लिटरला चोवीस पॉइंट आठ." आबांनी फोन ठेवला आणि मला वही आणायला लावली.

वही तुला माहीत आहे. निळ्या पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर आईने काढलेलं स्वस्तिक. २३ मार्च २०१२ पासून एकेक टाकी: किलोमीटर, लिटर, रुपये, अ‍ॅव्हरेज. काही पानांवर तुझंही अक्षर आहे, चारचा आकडा उलट्या खुर्चीसारखा. कंपनीने त्या डिझेलला लिटरला २२.९ सांगितलं होतं. वहीत पहिल्या तीन वर्षांचं सरासरी १९.२ निघतं, आणि २१ च्या वर एकदाही गेलेलं नाही. म्हणजे कंपनी शंभर म्हणाली तर आपल्या रस्त्यावर चौऱ्याऐंशी. तोच हिशेब नव्या गाडीला लावला तर २४.८ चे होतात २०.८. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे घटणारे दोन टक्के काढले तरी वीसच्या वर राहतात. हा माझा आधार. आबांनी गणित तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि परत विचारलं, "पण देते किती?"

तुझ्या घरामागच्या टेकडीवर तू रोज सकाळी चालायला जातोस ना, तिथंच एआरएआय आहे, गाड्या तपासणारी संस्था, हे आकडे तिथले. रोलरवर चाकं फिरवून चाचणी घेतात. जेमतेम वीस मिनिटांची, साडेदहा किलोमीटरच्या आसपासची, वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद. चाचणी खोटी नाही, सगळ्या गाड्यांना सारखीच लावतात म्हणून तुलनेला बरी. पण त्यात माझ्या वाटेवरच्या मच्छेचा धुरळा नाही, पिरनवाडीच्या चौकात आडवी आलेली उसाची ट्रॉली नाही.

माझा रोजचा रस्ता जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, खानापूर ते बेळगावचं उद्यमबाग. महिन्याला साडेबाराशे. जुनी डिझेल आता साडेसतराच देते, डिझेल ९१ च्या आसपास, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार. पेट्रोल १०३ धर. नव्या गाडीने वीस दिलं तर ६,४३७, जेमतेम बरोबरी. सोळा दिलं तर आठ हजारांच्या वर. वरून हप्ता. सगळं त्या वीसच्या आकड्यावर अडलंय.

आणि रविवारी किती निघालं सांगू? टाकी ते टाकी, आबांच्या पद्धतीने: खानापूरच्या पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत, नंतर एक थेंब नाही, परत येऊन त्याच पंपावर, त्याच मशीनवर. ११८ किलोमीटर, ६.३ लिटर. १८.७. गाडीच्या पडद्यावर मात्र २०.४ दिसत होतं. पडदा थोडा फुगवूनच सांगतो. मी आबांना १८.७ च सांगितलं. घाट चढून आलो, एसी होता, पिंट्या सोबत होता (तू असतास तर अठराही निघाले नसते, दोन माणसांचं वजन धरावं लागलं असतं). त्यांनी वहीत लिहिलं, पण पेन्सिलीने.

आता इंजिनाचं. हे तुला सविस्तर सांगतो, कारण २०१२ साली "पेट्रोल घ्या, डिझेल कटकट आहे" म्हणून तू शोरूममध्ये आबांशी वाद घातला होतास आणि पूजेलाही आला नव्हतास. आज कंपनीकडे डिझेल स्विफ्ट नाहीच, २०२० मध्ये बीएस-६ हा धुराचा कडक नियम आला तेव्हाच बंद झाली. घ्यायचं तर पेट्रोल. आणि हे पेट्रोल तीन सिलिंडरचं. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "चौथा कुठं गेला?" डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडलेला माणूस, मोहन. त्यांना तीन सिलिंडर म्हणजे एक पाय तुटलेली खुर्ची वाटते.

मी रोज क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा दांडा, ग्राइंड करतो, म्हणून मला ते हातानेच कळतं. चार सिलिंडरच्या क्रँकला पाच मेन जर्नल (दांडा ज्यांवर टेकून फिरतो ते गोल भाग) आणि चार पिन (पिस्टन जोडायच्या). तीनच्याला चार जर्नल, तीन पिन. प्रत्येक जर्नल तेलाच्या पातळ थरावर घासतच फिरतो, प्रत्येक पिस्टनच्या रिंगा भिंतीला घासतात. एक सिलिंडर गेला की तेवढी घासाघीस गेली. आधीच्या पेट्रोल स्विफ्टच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरची रुंदी) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७१.५. या नव्याचा बोअर ७४, स्ट्रोक ९२.८. दोन्ही ११९७ सीसीच, पण हा लांब स्ट्रोकचा: मोठ्या सिलिंडरला आतल्या जागेच्या मानाने भिंत कमी, म्हणजे जळालेल्या पेट्रोलची उष्णता भिंतीत कमी जिरते. म्हणून आधीचं २२.३८ होतं ते २४.८ झालं. मला ते पटलंय. पॉवर ९० पीएसवरून ८२ वर आली, टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, ११२ च्या आसपास तसाच राहिला.

पण आपल्या डिझेलचा १९० होता आणि तोही २,००० आरपीएमला. घाटात तिसऱ्यात टाकली की ती पाठीवर हात ठेवून ढकलायची. ही ढकलत नाही. हिच्याकडून काम करून घ्यावं लागतं, टॉर्क पुरा मिळायला ४,३०० पर्यंत न्यावी लागते. कणकुंबीकडे परत चढताना दोनदा दुसऱ्यात आणली, आणि अठरावर येण्याचं निम्मं कारण तेच. सपाट रस्त्यावर पाचव्यात सत्तरने चालवली तर वीस देईल असं मन म्हणतं. थांबल्यावर थरथरते, हेही खरं. चारात क्रँकच्या दर १८० अंशांना एक ठिणगी, तीनात २४० ला. रेल्वेच्या गेटावर उभे राहिलो तर दाराच्या कप्प्यातल्या बाटलीतलं पाणी बारीक थरथरत होतं. चालू लागली की जातं. आबांना ते दाखवायचं की नाही, हे ठरवता येईना.

सीएनजी घे म्हणशील, किलोला ३२.८५. मीही म्हणालो असतो. पण सिलिंडर डिक्की खातो, आणि आबांचा वॉकर डिक्कीतच जातो. तिथं विषय संपला.

इथेनॉलवरून नानांशी वाजलं. आपलाच ऊस कारखान्याला जातो, तोच टाकीत येतो, त्यात वाईट काय, असं नाना म्हणतात. वाईट काही नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश शक्ती कमी, त्यामुळे वीस टक्के मिसळल्यावर अ‍ॅव्हरेज थोडं पडणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात दहा टक्के इथेनॉलसाठी घडवून वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांना एक-दोन टक्के, आणि साध्या पेट्रोलसाठी घडवून दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या जुन्या गाड्यांना सहा-सात टक्के घट धरलीय. नवी गाडी पहिल्या गटात बसते. नानांची जुनी दुसऱ्यात, म्हणून ते चिडले.

श्रुतीचं बारावीचं वर्ष ना? क्लास लावू नकोस जास्त, पोरगी हुशार आहे. फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार. बेळगावचा कुंदा पाठवतो, दिवाळीला कुणीतरी पुण्याला जाणारं मिळेल.

एक काम कर. तुझ्या ऑफिसातल्या त्या मिरजेच्या पोराकडे हीच गाडी आहे, मॅन्युअल, वर्ष झालं, तूच सांगितलं होतंस. तो दर शनिवारी गावी जातो. त्याला सांग, या शनिवारी कात्रजला टाकी फुल करायची, नोझल थांबला की बस. रविवारी परत आल्यावर त्याच पंपावर पुन्हा फुल. किलोमीटर आणि लिटर, दोन्ही आकडे बिलासकट पाठव. पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज नको. रविवारी रात्री उशीर झाला तरी फोन कर, आबा जागे असतील. वीसच्या वर असलं तर तूच त्यांना सांग. तुझ्याशी वाद घालायला मिळाला की ते सही करतील.

तुझा,
राजा