दोन स्टेपन्या आणि दोन रिकामे दिवस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कॅनडातल्या डेम्पस्टर हायवेवरचा प्रवासलेख वाचला. व्हाइटहॉर्स ते टुक्टोयाक्टुक आणि परत, भाड्याच्या गाडीने, तंबूत मुक्काम करत, सहा दिवसांत. फोटो झकास आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती शेवटी दिलेल्या दिवसवार तक्त्याबद्दल. मागच्या जुलैत अगदी असाच तक्ता खिशात घालून मी त्या रस्त्याला लागलो होतो.

माझी ओळख एवढीच, की एस. टी.च्या आगारात टायर विभागात मी ३१ वर्षं काढली. लेक-जावई व्हाइटहॉर्सला असतात. निघायच्या आदल्या दिवशी जावई पिकअपमध्ये दुसरी स्टेपनी चढवू लागले, तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, ‘‘अहो, जन्म टायरात गेला माझा. एक स्टेपनी पुरते. त्या जागेत पाण्याचा आणखी एक कॅन बसेल.’’ जावई भिडस्त, काही बोलले नाहीत. स्टेपनी मात्र त्यांनी उतरवली नाही.

डॉसन सिटीच्या अलीकडे ४० किलोमीटरवर हा फाटा फुटतो आणि इनुविक गावापर्यंत ७३६ किलोमीटर जातो. जवळजवळ सगळा खडीचा. १९५९ साली काम सुरू झालं, रस्ता खुला व्हायला १९७९ उजाडलं. पुढे इनुविक ते समुद्रकाठचं टुक्टोयाक्टुक हा १३८ किलोमीटरचा तुकडा तर २०१७ चा. खालची जमीन कायमची गोठलेली, ती वितळली की रस्ता खचलाच. म्हणून तिच्यावर खडीचा जाड थर गोधडीसारखा पांघरलाय, काही ठिकाणी पुरुषभर उंचीचा. आपली गोधडी थंडी बाहेर ठेवते, ही थंडी आत ठेवते. कठडा जवळजवळ कुठेच नाही आणि कड मऊ, त्यामुळे समोरून ट्रक आला तरी फार बाजूला घ्यायची सोय नाही.

त्या खडीकडे मी पहिल्या दिवशी नीट पाहिलंच नाही. टूमस्टोनच्या तळावर पोहोचलो तेव्हा डोंगरांकडेच बघत बसलो होतो. तळावर पैसे घ्यायला माणूस नाही. पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, सरपण फुकट, पाणी उकळून प्यायचं, खाण्याची एकूण एक वस्तू गाडीत बंद करायची. अस्वलाला वास येतो म्हणून साबण आणि टूथपेस्टसुद्धा. हे सगळं लेखात बरोबर आलंय.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर क्रीक मागे टाकून तासभर झाला असेल, मागचं डावं चाक बसलं. उतरून पाहिलं तर साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, बोटभर चीर. तिथली खडी पाटीच्या दगडासारखी पापुद्र्यांची असते. एक चकती उचलून मी अंगठ्यावरून फिरवली, तर कातड्यावर पांढरी रेघ उठली. नुकताच ग्रेडर (खडी सपाट करणारं यंत्र) फिरून गेला असेल तर ही धार वर येते. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, भोक पडलं तर प्लग मारता येतो. साइडवॉल फाटली की टायर भंगारात, हे मी शेकडो ड्रायव्हरांना सांगितलंय. त्या दिवशी स्वतःला सांगितलं. आम्ही जॅक लावला तेवढ्यात तीन गाड्या गेल्या. तिन्ही थांबल्या, सगळे ठीक आहात ना, विचारलं आणि मग पुढे गेल्या. मोबाइलला रेंज नसलेल्या रस्त्यावर हा रिवाज पडलेला आहे.

पुढे ५०-६० किलोमीटरवर दुसरं चाक गेलं. ह्या वेळी भोक ट्रेडमध्ये होतं, पण हवा गेली ती गेलीच. जावईबापूंनी दुसरी स्टेपनी खाली घेतली. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर ईगल प्लेन्स येतं. तोवर वाटेत पेट्रोल नाही आणि पंक्चरचं दुकानही नाही. तिथे एक टायर दुरुस्त झाला, पण अर्धा दिवस गेला. लेखातल्या तक्त्याप्रमाणे आम्ही त्या रात्री पील नदीपलीकडच्या फोर्ट मॅकफर्सन गावी असायला हवं होतं. आर्क्टिक वृत्त ओलांडून आम्ही कसेबसे रॉक रिव्हरच्या तळाला लागलो. रात्रीचे साडेअकरा, तरी लख्ख उजेड आणि डास असे की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काळं दिसत होतं. लेकीने झाकण झटकलं, खालून पांढरं निघालं, आणि ताट वाढेपर्यंत पुन्हा काळं.

सकाळी युकॉन आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधली सरहद्द ओलांडली. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करावं लागतं (तक्त्यात हा तासही धरलेला नाही). पील नदीच्या काठावर पोहोचलो तर फेरी बंद. इथे पूल नाही. उन्हाळ्यात तारेला धरून चालणारी फुकट फेरी, हिवाळ्यात बर्फावरून रस्ता, आणि नदी गोठताना नि फुटताना काहीच नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला होता, पाणी चढलं होतं आणि अख्खे ओंडके वाहत येत होते. संध्याकाळपर्यंत थांबलो, मागे रॉक रिव्हरला गेलो, दुसऱ्या दिवशी परत आलो. ओंडके तसेच.

काठावर बसल्या बसल्या जावयांनी रस्त्याच्या नावाची गोष्ट सांगितली. २१ डिसेंबर १९१० ला पोलीस इन्स्पेक्टर फिट्झजेराल्ड तीन साथीदार आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. प्रवास झटपट उरकायचा म्हणून त्याने शिधा कमी घेतला होता. वाट दाखवायला काही दिवसांपुरता तिथल्या ग्विचिन आदिवासींपैकी एक माणूस घेतला आणि परत पाठवून दिला. पुढे फॉरेस्ट क्रीक ह्या ओढ्याचा फाटा काही सापडेना. तो शोधण्यात दिवस गेले, शिधा संपला, परत फिरले, कुत्री मारून खाल्ली. चौघेही गेले, शेवटचे दोघे फोर्ट मॅकफर्सनपासून अवघ्या ४० किलोमीटरवर. मार्चमध्ये त्यांना शोधून काढलं ते कॉर्पोरल डेम्पस्टरने. ऐकताना मला पाण्याचा तो जादा कॅन आठवत होता.

आमचं फारसं बिघडलं नाही. गाडीत डबे होते, पाठीशी पेट्रोल होतं. पण माझं परतीचं विमान ठरलेलं होतं आणि तक्ता मीच हट्टाने सहा दिवसांचा आखला होता. काठावरच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गाडी वळवली. समुद्र मी पाहिला नाही. परतताना ईगल प्लेन्सला कळलं, की आम्ही निघाल्यावर काही तासांतच फेरी सुरू झाली.

तेव्हा लेख वाचून जाणाऱ्यांनी पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या घ्याव्यात, भाड्याच्या गाडीच्या टिक्कीतली ती सायकलसारखी बारीक नव्हे. गाडी भाड्याची असेल तर करारपत्र वाचावं. पुष्कळ कंपन्यांना खडीचा रस्ता चालत नाही आणि तिथे काही झालं तर विमा हात वर करतो. शिवाय दोन दिवस रिकामे ठेवावेत. ते कशासाठी, हे आधी सांगता येत नाही.

लेखकाला एकच विचारायचंय. तक्त्यात दुसऱ्या दिवशी ‘दुपारी ३ : पील नदी ओलांडणे’ असं छापलंय. नदी नाही म्हणाली तर तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचं, ते कृपया पुढच्या रविवारी छापावं.

आपला,
एक निवृत्त टायर फिटर