पिल्लाची किंमत नेमकी कशाची?

महोदय,

लॅब्राडॉरचे पिल्लू एकीकडे ८-१० हजारांत मिळते, दुसरीकडे त्याचेच ३०-४० हजार सांगतात. महाग विकणारा लुबाडतोच, असे नाही. जबाबदार ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकणारा, आधी नर-मादीच्या खुब्यांचे एक्स-रे काढतो, कारण खुब्याचा सांधा सैल राहण्याचा दोष या जातीत पिढीजात उतरतो. मादीचा खुराक, प्रसंगी सिझेरियन, पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचे औषध, ६ ते ८ आठवड्यांत पहिली लस, ओळखीसाठी कातडीखाली बसवायची मायक्रोचिप, जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी, हे सगळे त्या किमतीत येते. वेत चारच पिल्लांचे झाले, तर खर्च चौघांवरच पडतो.

स्वस्तातले पिल्लू अनेकदा पाचव्या आठवड्यातच आईपासून तोडलेले असते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ८ आठवड्यांआधी विक्रीला मनाई आहे. पण चिमुकले पिल्लू गोंडस दिसते, पटकन खपते. लस न झालेल्या पिल्लाला पार्व्हो विषाणूची रक्ती हगवण लागली, की ते दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. वाचले तरी सलाइन-इंजेक्शनांत वाचवलेले पैसे जातातच.

लसीच्या पुस्तकात कुपीचे लेबल चिकटवलेले हवे, त्यावर बॅच क्रमांक आणि शेजारी डॉक्टरांची सही-शिक्का. नुसती पेनाने तारीख टाकली असेल, तर इसार देऊ नका. आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याकडून तर मुळीच घेऊ नये. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असलेल्या ब्रीडरांची यादी प्रत्येक महापालिकेने आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावी, ही विनंती.

– एक श्वानप्रेमी, पुणे